मदत हवी आहे: बेसमेंटसाठी जुनं सोडा मशीन घ्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. बेसमेंटमध्ये कॅरम आणि टीटीचं टेबल आहे, त्याच्या बाजूला ठेवायला डिक्सी-नार्को कंपनीचं, नाणं टाकलं की थंड पेयाचा कॅन देणारं जुनं मशीन बघतोय. बायको म्हणते, त्या पैशात छान छोटा फ्रिज येईल. खरंय, पण फ्रिजमधून कॅन धाडकन खाली पडत नाही ना!

मुख्य शंका आतल्या थंड करणाऱ्या गॅसची. मशीन नव्वदच्या दशकातलं आहे, पण गॅसचं नाव लिहिलेली आतली प्लेट पुसट झालीय. आर-१२ हा जुना गॅस असेल तर मी नाद सोडणार, कारण अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९५ अखेरीसच थांबलं. त्यानंतरचा आर-१३४ए असेल तर दुरुस्ती परवडते. प्लेट वाचता येत नसेल तर ओळखायचं कसं? आणि कॉम्प्रेसर धड आहे हे बघायला किती तास चालवून पाहावं?

दुसरं म्हणजे मालकी. बरीच मशीनं बॉटलिंग कंपनीचीच असतात, दुकानात फक्त ठेवायला दिलेली. विकणाऱ्याकडे किल्ली आहे, कागद नाही. सिरियल नंबरवरून कोणी चौकशी केली आहे का?

नाणी न टाकता कॅन येईल असं सेटिंग मशीनच्या जुन्या कंट्रोल बोर्डवर होतं का? हल्लीचे उंच, बारीक कॅन अडकतात म्हणे, त्यावर काही उपाय?

आणि हो, रिकामं मशीनसुद्धा अडीचशे-तीनशे किलोचं. अरुंद जिन्यावरून खाली कोणी उतरवलंय? मित्रांच्या पाठी मोडायच्या नाहीत, त्यामुळे मूव्हर्सना साधारण किती द्यावे लागले तेही सांगा.