तालमीत घातलं की पोरगं सुधारतं? मला नाही पटत

कळंब्याची आई:
काल कोल्हापूरच्या या ग्रुपवर एक पोस्ट आली. "आजकालच्या पोरांना मोबाइल, वेफर्स आणि लोळणं एवढंच ठाऊक. पहाटे तालमीत घाला, दूध-कट्ट्यावरचं ताजं दूध पाजा, सगळी थेरं बंद होतात." खाली "लाख बोललात" म्हणणाऱ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

माझा मुलगा दहावीत आहे. सकाळी सातची शाळा, दुपारी दोनला क्लास, तो सुटतो साडेसातला. जेवण, गृहपाठ उरकून स्वतःचा म्हणावा असा वेळ मिळतो तो साडेदहानंतर. तेव्हा मोबाइल हातात येतो आणि एक वाजतो. सकाळी घशाखाली घास उतरत नाही, म्हणून उपाशीच शाळेत. मधल्या सुट्टीत गेटबाहेरचा वडा. क्लासात डुलकी येते म्हणून वाटेत एनर्जी ड्रिंक. त्या २५० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ७५ मिलीग्रॅम कॅफिन आणि सहा चमच्यांच्या वर साखर. मग रात्री परत झोप नाही. आता यातली नेमकी कुठली सवय "थेर" म्हणून काढू?

या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. वयात येताना शरीराचं घड्याळच उशिराकडं सरकतं, पोरं मुद्दाम जागत नाहीत. झोप तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं, आणि तेलकट-गोडच खावंसं वाटतं. दमलेलं पोरगं संध्याकाळी खेळणार कुठून? एका सवयीला धरून दुसरी येते. २०२४ मध्ये सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं. सकाळच्या झोपेची खरी गरज असलेली नववी-दहावीची पोरं मात्र त्यातून बाहेर.

पेठेतला आबा:
ताई, ती पोस्ट माझी. घड्याळ सरकतं म्हणे! आम्ही पहाटे चारला उठून जोर मारायचो, आमचं कधी सरकलं नाही, कारण नऊला अंथरुणात असायचो. शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभं केलं, कुस्तीला राजाश्रय दिला, म्हणून या गावाला कुस्तीची पंढरी म्हणतात. आणि एक सांगा, त्या कॅनला पैसे कोण देतं? क्लास कुणी लावला? स्वतः द्यायचं आणि सरकारला बोलायचं.

मंगळवार पेठ फुटबॉल:
आबा, लई बोललासा. पण पोरांनी खेळायचं कुठं? पाऊस पडला की गांधी मैदानाचं तळं होतंय. गल्लीतल्या मोकळ्या जागेत गाड्या लागत्यात. आमच्या पेठेत पोरगं चालाय लागलं की बॉलला लाथ मारतंय, पाटाकडील का दिलबहार, कुठला संघ भारी यावर घरात भांडणं होत्यात. खेळाची आवड कमी नाही, जागा कमी हाय.
आणि खरं सांगू? परवा एका मैदानाबाहेर नववीतली पोरं बघितली. अंगात संघाची जर्सी, गालात तंबाखूचा मावा.

दातांची डॉक्टर, राजारामपुरी:
कुणीतरी हे बोलायलाच हवं होतं. माझ्याकडं सतरा वर्षांचा एक मुलगा आला, उत्तम खेळाडू. तोंडात जेमतेम दोन बोटं जात होती. मिसळ खाताना तोंडाची आग होते म्हणून आई घेऊन आली होती. गालाची आतली कातडी पांढरी, ताठ झालेली. हे सुपारीचं काम आहे. एकदा ताठ झालेलं तोंड पूर्ववत होत नाही, आणि पुढं कॅन्सरचा धोका राहतो.
गुटखाबंदी २०१२ ची. पण मावा पानपट्टीवर समोरच घोटतात: सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात चोळला की पुडी तयार. २००३ च्या कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकता येत नाही. अल्पवयीन मुलाला दिली तर बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांत ८.५ टक्के तंबाखू वापरणारी निघाली. म्हणजे शंभरात आठ-नऊ.

पानपट्टीवाला:
मॅडम, पोरगं "पप्पांनी सांगितलंय" म्हणून पुडी नेतंय. मी काय आधार कार्ड बघू? मी नाही दिली तर पुढचा देतोय. आमच्या पोटावर उठायला सगळे पुढं.

दातांची डॉक्टर, राजारामपुरी:
हो, आधार कार्ड बघा. तुमचं पोट भरायला त्या पोराचं तोंड मिटायला नको.

मंगळवार पेठ फुटबॉल:
भावा, पुढचा देतोय म्हणून तू बी देणार? तुझ्या पोराला देशील का?

पानपट्टीवाला:
पोरावर जायचं काम नाही.

पेठेतला आबा:
भांडण थांबवा, आणि ताई, तुम्ही उत्तर द्या. पोरगं खेळतंय, घाम गाळतंय, तरी मावा खातंय. मग एकीला धरून दुसरी येते हे तुमचं गणित कुठं गेलं?

बारावी सायन्स:
मध्येच बोलते. मैदान, तालीम, पेठ, सगळं मुलांचंच चाललंय. आम्ही मुली कुठं जायचं? रंकाळ्यावर संध्याकाळी पळायला गेले की बाइकवरून शेरे येतात, घरचे म्हणतात बंद कर. जागतिक आरोग्य संघटनेनं रोज तासभर हालचाल सांगितलीय. २०१६ च्या आकड्यांत जगभरातली ७८ टक्के मुलं आणि ८५ टक्के मुली तेवढी करत नव्हती. आम्ही आळशी नाही, काका.

कळंब्याची आई:
बाळा, बरं झालं बोललीस.
आबा, सगळ्या पोरांच्या सवयींची गाठ एकसारखी नसते. कुणाची मोबाइल-जागरण-वेफर्सची, कुणाची मैदान-दोस्त-माव्याची. त्या खेळाडू पोराला मावा दोस्तांनीच दिला असणार, त्याच मैदानावर. म्हणूनच "तालमीत घाला" एवढ्यानं भागत नाही.

पेठेतला आबा:
दुधानं मावा सुटत नाही, चला, मान्य. पण तुम्हाला तालीम म्हणजे नुसते जोर-बैठका वाटतात. आमचा वस्ताद कोण काय खातंय, किती वाजता झोपतंय, कुणाबरोबर फिरतंय, सगळं बघायचा. चोरून विडी ओढली तर वासावरून धरायचा.

कळंब्याची आई:
मग हेच तर मी म्हणतेय! दिवसभराचं सगळं एका माणसाच्या नजरेत होतं. आज शाळा अभ्यास बघते, क्लास मार्क बघतो, मी जेवण बघते. झोप कुणीच बघत नाही.

पेठेतला आबा:
तुम्ही म्हणताय ते मी आधीच म्हटलं होतं. असो.

कळंब्याची आई:
असो नाही. आमच्या क्लासवाल्यांना सांगायचंय की बॅच साडेपाचला सोडा. चार पालक तयार आहेत. येणार का?

पेठेतला आबा:
नातू तिथंच आहे. येतो. पण मोबाइलचा विषय मी काढणार, तेव्हा मध्ये बोलायचं नाही.

दातांची डॉक्टर, राजारामपुरी:
मीही येते. त्या क्लासच्या दारातच पानपट्टी आहे, तेही त्यांना विचारू.