मोगऱ्याला पालवी भरपूर, पण कळ्या जांभळट होऊन गळतात

प्रश्न:
वसंत सरत आला असून आमच्या घराच्या बागेत एकामागून एक झाडे फुलू लागली आहेत. मे फ्लॉवरच्या कंदातून आधी नुसता दांडा वर आला आणि आठवड्याभरात त्यावर लाल फुलांचा गोळा उमलला. अनंताच्या पीळदार कळ्याही आता उलगडण्याच्या बेतात आहेत. या सगळ्यांत माझा बटमोगरा मात्र मागे राहिला आहे. रोप तीन वर्षांचे असून बारा इंची कुंडीत आहे. पाने हिरवीगार आणि तुकतुकीत आहेत, वेलीसारखे लांबलचक फुटवेही आले आहेत. पण कळ्या मोजक्याच, आणि त्यांतल्याही निम्म्याअधिक पांढऱ्या होण्याआधीच जांभळट पडून गळतात. दर पंधरा दिवसांनी मी पेंडीचे पाणी घालते. ऊन सकाळी तीनेक तास मिळते. गेल्या वर्षी याच दिवसांत संध्याकाळी ओंजळभर फुले निघत असत, म्हणून यंदा फार चुटपुट लागली आहे. नेमके काय चुकत असावे?

पहिला प्रतिसाद:
आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगळी आहेत. कळ्या गळण्याविषयी इतर कोणी अधिक सांगू शकेल. कळ्या कमी येण्याविषयी मी लिहितो.

मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या टोकाशी येते, जुन्या काडीवर थेट येत नाही. त्यामुळे जितके नवे आणि आखूड फुटवे, तितकी फुले अधिक, असा साधा हिशेब असतो. पाने समोरासमोर असलेल्या पेरावर काडी कापली, की त्या पेरातून सहसा दोन फुटवे निघतात आणि एका टोकाच्या जागी दोन टोके मिळतात. मुख्य छाटणी थंडी संपता संपता करायची असते. ती आपण केली नसल्यास आता झाड खरडून काढू नये, कारण फुलण्याचे दिवस त्यातच निघून जातील. वेलीसारखे लांब गेलेले शेंडे तेवढे वरून तीन-चार पेरे कापावेत आणि फूल गळून गेल्यावर त्याखालची एक जोडी पानेही काढावीत.

दुसरे म्हणजे खत. पेंडीत नत्र बरेच असते आणि नत्र जास्त झाले की झाड पानांच्या मागे लागते. पाने तुकतुकीत आहेत, याचा अर्थ झाड उपाशी नाही. महिनाभर पेंडीचे पाणी बंद ठेवावे आणि पुढे खत द्याल तेव्हा पालाश व स्फुरद अधिक असलेले द्यावे. तीन तासांचे ऊन मात्र खरोखरच अपुरे आहे. मोगऱ्याला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे, आणि माझ्या मते आपल्या बाबतीत सर्वांत मोठी उणीव हीच आहे. कुंडी हलवता येत असेल, तर आधी ती हलवावी.

दुसरा प्रतिसाद:
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. मात्र कळ्या जांभळट होणे हे ऊन किंवा खत यांपेक्षा किडीचे लक्षण अधिक वाटते. पाणी अनियमित झाल्यामुळेही कळ्या गळतात. अनंताच्या बाबतीत तर हे नेहमीच घडते. परंतु त्या सहसा पिवळ्या किंवा तपकिरी होऊन गळतात.

गळलेली एक कळी उचलून नीट पाहावी. तिला बाहेरून बारीक छिद्र असेल आणि शेजारच्या कळ्या जाळीसारख्या धाग्यांनी जोडलेल्या दिसल्या, तर ती कळी पोखरणारी अळी आहे. छिद्र नसून बुडाशी फुगवटा असेल, तर कळी ब्लेडने उभी चिरावी. आत पांढुरक्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अळ्या असल्यास ते काम चिलटाएवढ्या माशीचे आहे. या अळ्या वाढ पूर्ण झाल्यावर मातीत उतरून कोशात जातात आणि त्यांतून पुन्हा माश्या निघतात, म्हणून गळलेल्या कळ्या कुंडीत पडू देणे म्हणजे पुढच्या बहरावरचे संकट आपणच पोसणे होय. कीड कोणतीही असो, रोज सकाळी रंग बदललेल्या कळ्या झाडावरून आणि मातीवरून वेचाव्यात, पिशवीत घट्ट बांधून टाकून द्याव्यात, आणि वरची दोन बोटे माती बदलावी. निंबोळी तेलाची फवारणी संध्याकाळी करावी. मात्र कळीच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत ती पोहोचत नाही, त्यामुळे वेचणी टाळून केवळ फवारणीवर विसंबू नये.

तिसरा प्रतिसाद:
तीन वर्षे कुंडी बदलली नसल्यास तळाच्या छिद्रातून मुळे बाहेर आली आहेत का, तेही पाहावे. आली असली, तरी ऐन बहरात कुंडी बदलू नये. बहर ओसरल्यावर बदलावी.

प्रश्नकर्तीचे उत्तर:
सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी सहा कळ्या चिरून पाहिल्या. छिद्र एकीलाही नव्हते, बुडाशी फुगवटा होता आणि चार कळ्यांत पांढुरक्या अळ्या वळवळत होत्या. आजवर गळलेल्या सगळ्या कळ्या खत होईल या समजुतीने मी कुंडीतच राहू देत होते, हे वाचताना फार वाईट वाटले. वरची माती काढून टाकली, लांब शेंडे कापले आणि कुंडी दुपारपर्यंत ऊन राहते अशा कोपऱ्यात नेली. मुळे अद्याप बाहेर आलेली नाहीत. एका फुटव्यावर तीन कळ्यांचा निरोगी झुपका शिल्लक आहे; त्यातली मधली कळी फुगून पांढरी झाली आहे आणि बाजूच्या दोन अजून हिरव्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या आहेत. मधली आज अंधार पडता पडता उमलेल, असे वाटते.