मदत हवी आहे : न्हाणीघरातील गीझर मागच्या पडवीत हलवावा का?

मालवणजवळच्या आमच्या चिरेबंदी घराचे न्हाणीघर जेमतेम चार फूट रुंद आहे आणि २५ लिटरचा उभा गीझर दारामागच्या भिंतीवर इतका खाली बसवलेला आहे की त्याखाली वॉशिंग मशीन मावत नाही. आईच्या डोक्याला त्याची कड दोनदा लागली, ते वेगळेच. तो मागच्या पडवीत हलवावा, असा विचार आहे.

मुख्य शंका भिंतीची आहे. भरलेल्या गीझरचे वजन ३५ किलोच्या आसपास जाते आणि जांभ्याचा चिरा तर सच्छिद्र. सध्याच्या स्क्रूभोवतीही लाल भुकटी गळताना दिसते. अशा भिंतीत लांब अँकर बोल्ट पुरेसे ठरतात, की आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी द्यावी लागते?

दुसरे असे, की नळी सहा मीटरने वाढेल, म्हणजे दर वेळी पाऊण लिटरभर थंड पाणी आधी सोडावे लागेल. ते मला चालेल, परंतु खारा वारा आणि पावसाची झड यांमुळे उघड्या पडवीत पत्रा व जोडण्या किती टिकतील, याची धास्ती वाटते. १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन व अर्थिंग वायरमनकडून करून घेणारच आहे.

उभा गीझर आडवा टांगता येत नाही, म्हणून दारावर बसेल असा आडवा नवाच घेणे शहाणपणाचे ठरेल का? समुद्राजवळ राहणाऱ्या कोणी असा बदल केला असल्यास कृपया अनुभव सांगावा.