"एमएसमध्ये बायका बऱ्या चालतात" म्हणे

धरमपेठची: काल इथे एमएसवर (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू अन् मज्जारज्जूचा आजार) एका दादांनी टाकलं, "एमएस पुरुषांना लवकर पाडतो, बायका बऱ्या चालतात." डोकंच फिरलं माझं. चालणं मोजता कुठे, तर दवाखान्यातल्या एसीच्या कॉरिडॉरमध्ये 25 फूट, म्हणजे साडेसात मीटर अन् वर थोडं. तेवढं मीही चालते हो. माझ्या उजव्या चपलेचं टोक दोन महिन्यांत घासून जाते, डावी नव्यासारखी राहते, ते कुठल्या टेस्टमध्ये दिसते?

दोन_काठ्या: ताई, पोस्ट माझीच. खोटं काय लिहिलं? आजार बायकांना दोन-तीन पट जास्त होतो, पण पुरुषांचं अपंगत्व सरासरी लवकर वाढते, कोणत्याही न्यूरॉलॉजिस्टला विचारा. मी 41व्या वर्षी दोन काठ्यांवर आलो. मावसबहिणीला माझ्याआधी निदान झालं, ती अजून फुटाळा तलावावर फेरी मारून राहिली.

धरमपेठची: फेरीनंतर ती किती वेळ पडून राहते, विचारलं कधी?

बर्डीवाला: अरे बाप्पा, उन्हाचं कोणीच बोलत नाही! अंग अर्धा डिग्री तापलं तरी पाय लाकडासारखे होतात, मेहनतीने नजर अंधुक होते हे तर उथॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने 1890 मध्येच सांगून ठेवलं, अन् आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर. ऊन बाई-पुरुष पाहत नाही.

धरमपेठची: ऊन नाही पाहत, पण गॅससमोर दोन्ही वेळ उभं कोण राहते? माझ्या घरी तरी मीच. पोळ्या झाल्या की भिंत धरून पलंगापर्यंत येते मी.

बर्डीवाला: आमच्या घरी पोळ्या मी लाटतो. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

आई_एमएसवाली: पोळ्या राहू द्या, अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं बोला. 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात एमएसचं नाव आहे, तरी कारकून आईला म्हणतो, "तुम्ही तर चालत आल्या." परत येताना तिला दोघांनी उचलून रिक्षात बसवलं, ते पाहायला तो बाहेर नाही आला. "बऱ्या चालतात" लिहिलं की असेच लोक ते उचलतात दादा, म्हणून राग येतो.

दोन_काठ्या: मला काऊन बोलता, मी कारकून आहे का? माझं दुखणं लिहिलं मी. चाळिशीत दोन काठ्या म्हणजे काय, ते मलाच माहीत.

दोन_काठ्या: बहिणीला फोन केला. फेरीनंतर दोन तास झोपते म्हणे, कधी बोललीच नाही. 25 फुटांचं तुमचं मान्य. सरासरीचं मात्र मी सोडत नाही.

धरमपेठची: नका सोडू, ते खरंच आहे. पोस्टमधून फक्त "बऱ्या" तेवढं काढा.