व्हिडिओच्या लांबीइतकंच असाइनमेंटकडेही बघा

ऑनलाइन कोर्सचे व्हिडिओ सहा मिनिटांचे केले की नोकरदार मंडळी कोर्स अर्धवट सोडणार नाहीत, असा सल्ला दिला जातो. हा सहाचा आकडा एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या प्लॅटफॉर्मवरील 2014 च्या अभ्यासामुळे गाजला. व्हिडिओ पाहण्याच्या 69 लाख नोंदी त्यात तपासल्या होत्या. पण मोजलं काय, तर लोक किती वेळ बघतात आणि नंतरचा प्रश्न सोडवायला घेतात का. शिकले किती, हे नाही. लांबी जरूर कमी करा, फक्त तेवढ्यानं काम होईल असं समजू नका.

माझ्या मते खरी मेहनत असाइनमेंटवर हवी. "फीडबॅक देण्याची पाच तत्त्वं लिहा" म्हटलं की मोठी माणसं कॉपी-पेस्ट करून मोकळी होतात (आणि दोष तरी कसा द्यायचा!). त्याऐवजी "या आठवड्यात एका सहकाऱ्याला फीडबॅक द्या, तुम्ही काय बोललात, समोरून काय आलं, ते लिहा" असं सांगा. नावं अर्थातच वगळून. मग लाइव्ह सत्रात स्लाइड्स बाजूला ठेवून याच अनुभवांवर बोला. चर्चा आपोआप रंगते, कारण प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं.

आणखी एक. नवख्यांना सोडवून दाखवलेल्या उदाहरणांचा फायदा होतो, पण जाणकारांना तीच अडथळा ठरू शकतात, हे संशोधनातही दिसलंय. म्हणून सुरुवातीला छोटी चाचणी ठेवा आणि ज्याला जो भाग येतो तो वगळू द्या. सगळ्यांना सगळे व्हिडिओ सक्तीनं बघायला लावलं, तर ते दुसऱ्या टॅबमध्ये चालू राहतात, एवढंच.