बिझनेस मॅगझिनवाल्यांना कंपनी दिसते की फक्त साहेब दिसतो?

ताकापुरतं_रामायण

वीसेक वर्षं बिझनेस मॅगझिनं वाचतोय, पैसे मोजून. गेल्या महिन्यात बंद केलं सगळं, का ते इथे ओकून टाकतो म्हणजे मोकळा होईन.

कुठलाही अंक उघडा, कंपनीवरचा लेख सुरू कसा होणार? साहेब पहाटे साडेचारला उठतात. मग साहेबांना केबिन नाही, सगळ्यांच्यात बसतात, पायात साधे बूट, लहानपणी घरातला रेडिओ खोलून बसायचे. चार पानं उलटली तरी या कंपनीला पैसे कोण देतं, कशाबद्दल देतं, डोक्यावर कर्ज किती, दाखवलेल्या नफ्यातली रोकड खरंच हातात किती आली, यातलं अवाक्षर नाही.

थेरॅनोसचं आठवतंय ना? अमेरिकेतली रक्ततपासणीची कंपनी. जून २०१४ ला तिची संस्थापक एलिझाबेथ होम्स फॉर्च्यून मासिकाच्या कव्हरवर, बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तात म्हणे ढीगभर तपासण्या. फोर्ब्सने तिची संपत्ती धरली साडेचार अब्ज डॉलर आणि जून २०१६ मध्ये केली शून्य. मधे झालं काय, तर बाई तीच, यंत्र तेच, फक्त ते चालतं का असं कोणीतरी विचारलं! बरं यातून शिकले म्हणावं तर ऑगस्ट २०२२ मध्ये फॉर्च्यूनच्याच कव्हरवर एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजचा सॅम बँकमन-फ्राइड, 'पुढचा वॉरन बफे?' म्हणून. नोव्हेंबरात त्या एफटीएक्सचं दिवाळं. प्रश्नचिन्ह टाकलं की यांची जबाबदारी संपली.

उपसंपादक_माजी

एका आर्थिक मासिकाच्या डेस्कवर अकरा वर्षं काढलीयेत त्यामुळे हे झोंबलं, कबूल. उदाहरणं खरी आहेत पण अर्धीच सांगितलीत तुम्ही. थेरॅनोस फोडलं कोणी? पत्रकारानेच ना, वॉल स्ट्रीट जर्नलच्या जॉन कॅरीरूने, ऑक्टोबर २०१५ ला. आणि फॉर्च्यूनचा तो कव्हर लेख ज्याने लिहिला त्या रॉजर पार्लॉफने त्याच डिसेंबरात आपण कुठे फसलो ते स्वतःच्या नावानिशी छापलं, एवढं तरी किती जण करतात?

एनरॉन घ्या, अमेरिकेतली ऊर्जा कंपनी, हिशोबातल्या घोटाळ्याने बुडालेली. मार्च २००१ मध्ये फॉर्च्यूनच्याच बेथनी मॅकलीनने विचारलं की ही कंपनी पैसे कमावते तरी नक्की कशातून. कंपनीचे सीएफओ, म्हणजे पैशांचा कारभार बघणारे, फास्टो विमानाने येऊन समोर बसले समजावायला, तरी लेख छापला. डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत. त्या हिशोबांवर सही करणारा ऑडिटर होता, कर्ज देणाऱ्या बँका होत्या, ते सगळे फसले आणि जाब मात्र रिपोर्टरने द्यायचा होय?

आणि एक कडू गोष्ट. कॅश फ्लोवरचा, म्हणजे रोकड किती आली-गेली यावरचा लेख लावला की वाचक दुसऱ्या परिच्छेदात पळतो, पहाटे साडेचार लावलं की शेवटपर्यंत वाचतो आणि वर चार जणांना पाठवतो. आम्ही बघितलंय हे रोज.

खतावणी

@उपसंपादक_माजी, तुम्ही पण अर्धंच सांगताय की. याच फॉर्च्यूनने एनरॉनला १९९६ ते २००१ सलग सहा वर्षं 'मोस्ट इनोव्हेटिव्ह' ठरवलं होतं. सहावं वर्ष म्हणजे ज्या वर्षी तो लेख आला तेच! म्हणजे एक बाई विचारतेय पैसे येतात कुठून आणि त्याच मासिकात हारतुरे चाललेत. ती यादी बनते कशी तर उद्योगातल्याच मोठ्या अधिकाऱ्यांना, डायरेक्टरांना, अॅनालिस्टांना विचारून, म्हणजे आपणच आपल्या आळीत मिरवणूक काढायची आणि मासिकाने ढोल वाजवायचा. तो ढोल सगळ्यांना ऐकू गेला, लेख किती जणांनी वाचला देव जाणे.

चष्मेबद्दूर

मी तर कव्हरवर जे लिहितात त्याच्या सरळ उलटं करतो. बिझनेसवीकने ऑगस्ट १९७९ ला 'शेअर्सचा मृत्यू' असं कव्हर काढलं, नंतर तेजी केवढी आली बघा. फोर्ब्सने नोव्हेंबर २००७ मध्ये विचारलं नोकियाला कोण गाठणार. आयफोन त्याच जूनमध्ये दुकानात आला होता 😄

खतावणी

@चष्मेबद्दूर असं सोपं नसतं हो. ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकन शेअरबाजाराचा निर्देशांक डाऊ जोन्स ७७७ पर्यंत खाली गेला होता, लेख आला तेव्हा ८७५ च्या आसपास होता. वर त्या तीन वर्षांत महागाईने काय खाल्लं ते वेगळंच. तुम्ही तोवर थांबला असतात? मी नसतो थांबलो.

ताकापुरतं_रामायण

उपसंपादक, लबाडाने फसवलं त्याबद्दल माझं भांडणच नाही, ती उदाहरणं मी दिली ती चूक झाली बहुतेक कारण सगळे तिकडेच धावले. मला राग आहे तो साध्या, प्रामाणिक कंपनीवरच्या लेखाचा. कंपनी वर गेली की साहेब 'ठाम', तीच खाली आली की तोच साहेब 'हेकेखोर'. माणूस बदलला नाही, शेअरचा भाव बदलला! भाव बघून स्वभाव लिहायचा असेल तर मुलाखतीला जाता कशाला.

उपसंपादक_माजी

हे मान्य, मी स्वतः असे लेख सुधारून दिलेत. पण कडक प्रश्न विचारला की पुढच्या वेळी भेट मिळत नाही, जाहिरात जाते ती वेगळी. वायरकार्ड या जर्मन पेमेंट कंपनीचं बघा, फायनान्शियल टाइम्सने हिशोबांवर बोट ठेवलं तर २०१९ मध्ये जर्मनीच्या नियामकाने तक्रार केली ती त्या पत्रकारांवरच! वर्षभराने कंपनीच्या हिशोबातले १.९ अब्ज युरो सापडेनात तेव्हा सगळे गप्प. एवढं झेलायला मागे भक्कम संस्था लागते, पाच जणांच्या डेस्कने काय करावं?

ताकापुरतं_रामायण

भेट नका घेऊ मग. वार्षिक अहवाल फुकट मिळतो, त्यातल्या हिशोबामागच्या टिपा वाचा, दोन माजी कर्मचारी गाठा, एक चिडलेला ग्राहक गाठा. साहेबाशिवाय लेख होतो.

नुसतीच_वाचक

होतो, पण तुम्ही तो पैसे देऊन वाचाल का? आता तर सबस्क्रिप्शनच बंद केलंत 🙂

ताकापुरतं_रामायण

बरोबर पकडलंत. भरलेल्या पैशातले दोन अंक अजून यायचेत, एकाच्या तरी कव्हरवर हाताची घडी घातलेला साहेब असणार, लावा पैज.

उपसंपादक_माजी

नाही लावणार. घडी नसली तर हात खिशात असतील, फोटोग्राफरला दोनच पोझ येतात.