टक्करीत दोघं गेले, आठवण एकाचीच निघते. पाच मिनिटांत काय बोलू?

लिंकनवाली_सांगलीकर

नमस्कार मंडळी. सहा वर्षं झाली, इंग्लंडात लिंकनला राहते. आमच्या वाचनालयात दर गुरुवारी कविता वाचणाऱ्यांचा एक गट बसतो. त्यात मी सोडून सगळे सत्तरीच्या पुढचे. यंदा ११ डिसेंबरला सगळे मिळून जवळच्या स्कॉपविक गावी कवी-वैमानिक जॉन मॅगीच्या कबरीपाशी जाणार आहेत आणि पाच मिनिटं बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

मॅगी कोण, ते थोडक्यात सांगते. १९२२ साली शांघायमध्ये जन्म. वडील अमेरिकन मिशनरी, आई इंग्रज. येल विद्यापीठाची शिष्यवृत्ती हातात होती, ती सोडून पोरगा कॅनडाच्या हवाई दलात शिरला, कारण अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीच नव्हती. स्पिटफायर हे लढाऊ विमान उडवायला शिकला आणि त्या धुंदीत एक सुनीत लिहून आईवडिलांना पत्रातून पाठवलं. ते पुढे जगभर गाजलं. अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान कोसळलं त्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या भाषणाचा शेवटही त्यातल्याच शब्दांनी झाला होता. ११ डिसेंबर १९४१ ला सकाळी साडेअकराच्या सुमारास तो आणखी तीन विमानांबरोबर ढगातल्या फटीतून वेगानं खाली येत होता. ढगांच्या जरा खाली, साधारण १,४०० फुटांवर, क्रॅनवेलच्या तळावरचं एक ऑक्सफर्ड जातीचं शिकाऊ विमान उडत होतं. रॉक्सहोम नावाच्या वाडीवर दोघांची टक्कर झाली. एका शेतकऱ्यानं नंतर चौकशीत सांगितलं की स्पिटफायरमधला मुलगा वरची काच मागे सारायला धडपडत होता, उभा राहून त्यानं उडीही टाकली, पण पॅराशूट उघडायला उंचीच उरली नव्हती.

आणि योगायोग बघा, त्याच दिवशी जर्मनीनं अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं.

आता माझी अडचण. गेल्या महिन्यात आई सांगलीहून आलीय. तिला स्कॉपविक दाखवायला नेलं. गावातून छोटासा ओढा वाहतो, तो तिला फार आवडला. कबरीपाशी तिनं आधी दगडावर चिकटलेली ओली पानं हातानं बाजूला केली, मग विचारलं, "किती वर्षांचा गं?" म्हटलं, एकोणीस. "आणि त्या दुसऱ्या विमानातला?" तोही एकोणीस. आई गप्प झाली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "नाव काय त्याचं?" मला सांगता येईना! मॅगीची अख्खी कुंडली पाठ, आणि हे नाही. घरी येऊन शोधलं. अर्नेस्ट ऑब्री ग्रिफिन, अजून वैमानिक व्हायचा होता, शिकत होता.

मला त्या दिवशी ग्रिफिनचंही नाव घ्यायचंय. पण ज्याच्याशी टक्कर झाली त्याचं नाव ह्याच्याच कबरीपाशी घेणं विचित्र दिसेल का? कुणाला वाटेल मी दोष काढतेय. काय करू?

ओझरचा_फिटर

ताई, हवाई दलात वीस वर्षं विमानांच्या पोटात डोकं घालून काढलीत, म्हणून अधिकारानं सांगतो. नाव घ्या. फक्त क्रियापद सांभाळा. "ह्यानं त्याला ठोकलं" असं नाही, "टक्कर झाली" एवढंच. स्पिटफायरचं नाक लांबलचक, पुढचं-खालचं त्यातून धड दिसत नाही. वरून येणारा ढगातून उजेडात येतोय, खालच्याच्या डोक्यावर ढगांचं छप्पर. डिग्बी (मॅगीची तुकडी ह्याच्याच हाताखाली) आणि क्रॅनवेल हे दोन तळ आठेक किलोमीटरच्या अंतरात, आणि एकमेकांना चुकवायचं साधन काय, तर डोळे. एवढ्याशा आभाळात किती पोरं एकदम सोडली होती, बघा की.

दुसरं म्हणजे "नुसता सरावात गेला" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. त्या युद्धात ब्रिटिशांच्या बॉम्बर कमांडचे पंचावन्न हजारांवर लोक गेले, त्यातले आठेक हजार अपघातांतच. आमच्याकडेही शिकाऊ पोरगा गेला की हँगरमध्ये दोन दिवस कुणी मोठ्यानं बोलत नसे. त्याच्या नावाचं लॉकर उघडायचं काम मी एकदा केलंय. आत फरसाणाचा अर्धा पुडा होता, रबर लावून ठेवलेला.

खडकी_बाजार

फिटरकाकांना अनुमोदन. मी खडकीच्या युद्ध दफनभूमीच्या जवळच वाढले. सोळाशेच्या वर कबरी, सगळे दगड एका मापाचे. अधिकारी असो की साधा शिपाई, लढाईत गेलेला असो, अपघातात की तापानं, फरक नाही. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाचा नियमच तो आहे. तेव्हा तुम्हीही दोन्ही नावं हुद्द्यासकट, एकाच सुरात वाचा: पायलट ऑफिसर मॅगी, लीडिंग एअरक्राफ्ट्समन ग्रिफिन. पाच मिनिटांतली चार मॅगीला गेली तरी चालेल, लोक त्याच्यासाठीच आलेत.

फुलं न्या, पण प्लास्टिकचा कागद काढून. उदबत्ती-बिदबत्ती नको, गवत भिजलेलं असतं, पेटणारही नाही :)

स्पष्टच_बोलतो

आपली माणसं त्याच आभाळात मेली, त्यांचं कोण बघतंय? १९४० साली चोवीस हिंदी वैमानिक इंग्लंडला गेले होते, त्यांच्यावर बोला की.

लिंकनवाली_सांगलीकर

@स्पष्टच_बोलतो, त्या चोविसांतल्या महिंदरसिंग पुजींचा पुतळा ग्रेव्हझेंडला आहे, तिथे मी जाऊन आलेय. त्यांच्यावरही बोलेन, नोव्हेंबरात. ही मुलं जिथे गेली, तिथून मी अर्ध्या तासावर राहते, रोज तोच आकाशाचा तुकडा बघते. आपलं-परकं आईनं विचारलं नाही, तर मी कुठं विचारत बसू?

बाकी दोघांचे आभार. क्रियापदाचं काका म्हणाले ते फार कामाला आलं. माझ्या मसुद्यात खरंच "ग्रिफिनचं विमान आडवं आलं" असं होतं. खोडलं.

आईनं तिचा बेत आधीच ठरवलाय. शेवंतीच्या दोन जुड्या घ्यायच्या. एक स्कॉपविकला, आणि एक त्याच दिवशी साडेअकराला रॉक्सहोमला, जिथे दोघं पडले. म्हणजे आधी रॉक्सहोम, मग मंडळींना गाठायचं. अडचण एवढीच की तो रस्ता अरुंद आहे, दोन्ही बाजूंना झुडपांचं कुंपण. इथलं कुणी वाचत असेल तर सांगा, तिथे दहा मिनिटं गाडी कुठं उभी करता येईल?